चाळीस आणि वीस

आमच्या घरामागच्या वाफ्यात स्ट्रॉबेरीची चाळीस रोपे मेली आणि मेहुण्याच्या खाचरात वीस जगली, एवढीच ही हकीकत आहे. रोपे एकाच खोक्यातून आलेली, एकाच सकाळी वाटून घेतलेली. परंतु त्या चाळीस रोपांपायी मी एका भल्या माणसाला टेलिफोनवर नाही नाही ते बोललो आणि बायकोच्या माहेरी पोपटीच्या रात्री उपाशी झोपलो. त्यामुळे ती सविस्तर सांगणे मला भाग आहे.

माझी धाकटी बहीण वाईला दिलेली आहे. २०२२ च्या दसऱ्याला मी तिच्याकडे गेलो होतो. वाई, पाचगणी, महाबळेश्वर या टापूत सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे स्ट्रॉबेरीच्या लावणीचे दिवस. तिकडच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि देशात पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीतला फार मोठा वाटा त्या एका टापूचा आहे. तांबड्या मातीचे उंच गादीवाफे, त्यांवर ताणून बसवलेला प्लॅस्टिकचा कागद, कागदाच्या भोकाभोकांतून डोकावणारी हिरवी रोपे, हे सारे पाहून माझ्या मनाने उचल खाल्ली. नोकरीतून सुटल्यापासून बागकामाचे वेड मला लागलेच होते. कर्जतला वांगी होतात, टोमॅटो होतात, मग स्ट्रॉबेरीनेच काय घोडे मारले आहे? बहिणीच्या ओळखीच्या एका रोपवाटिकेतून मी साठ रोपे घेतली.

स्ट्रॉबेरीचे रोप बियांपासून करीत नाहीत. मूळ झाडाला लांब दोरे फुटतात, दोऱ्याच्या टोकाला पिलू धरते, ते जमिनीला टेकले की मूळ सोडते. त्या दोऱ्यांना तिकडे सगळे रनर म्हणतात. आईचे रक्त पिलात जसेच्या तसे उतरते, आणि आईचा रोगही उतरू शकतो. ही गोष्ट रोपवाटिकेच्या मालकाने मला आपण होऊन सांगितली होती. तिचाच दगड करून पुढे मी त्याला मारणार होतो, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

साठांतली वीस रोपे मी मेहुण्याला दिली. त्याचे गाव खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या अंगाला. घरची भातशेती आहे. भात निघाले की त्याच खाचरात, जमिनीच्या अंगओलीवर, तो वाल पेरतो. वालाचे बियाणे त्याच्या आजोबांपासून चालत आलेले. ते तो कोणाला सहसा देत नाही आणि बाहेरचे घेत तर मुळीच नाही. स्ट्रॉबेरीची रोपे त्याने हातात घेऊन उलटीपालटी पाहिली, मुळांवरची माती बादलीत खळबळून धुतली, आणि हळवे भात निघालेल्या एका खाचराच्या कडेला, विहिरीजवळ, कुदळीने उंच वरंबा घालून त्यावर लावली. धुतलेले पाणी त्याने बांधापलीकडे रस्त्याच्या गटारात नेऊन ओतले. मला तेव्हा हसू आले होते.

आता माझ्या वाफ्याविषयी. तो वाफा म्हणजे माझा अभिमान होता. कर्जतचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्याला सांगावयास नको की इकडे चार महिने भाजीपाला टिकवणे म्हणजे काय. ही तर माथेरानच्या पायथ्याची जागा. म्हणून मी नऊ वर्षांपूर्वी त्या वाफ्यावर लोखंडी कांबींचा मांडव घालून वर प्लॅस्टिक चढवले होते. बाहेर धो धो कोसळत असावे आणि आत माझी वांगी कोरड्या पायांनी उभी असावीत! पावसाचा थेंब त्या मातीला नऊ वर्षे लागला नव्हता. वांगी, टोमॅटो, मिरची, चवळी, घेवडा असे आलटून पालटून मी लावीत असे, आणि पीक निघाले की वाळलेली धांडी, वेल, मुळे बारीक करून तिथेच पुरीत असे. घरचे खत बाहेर कशाला घालवा? माती कशी भुसभुशीत, हातात घेतली तर रव्यासारखी.

नोव्हेंबरात रोपे अशी तरारली की मी येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून दाखवावयास नेत असे. डिसेंबराच्या मध्यावर पांढरी फुले आली, मागोमाग हिरवी बोंडे धरली. आणि नाताळाच्या सुमारास एका रोपाची बाहेरची पाने मान टाकून बसली.

तहान लागली असेल म्हणून मी पाणी वाढवले. दोन दिवसांनी आणखी चार रोपे तशीच. मग पाणी जास्त झाले असेल म्हणून तोडले. पाने उलथून पालथून कीड शोधली, लिंबोळीचा अर्क फवारला, मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण करून फवारले. चष्मा पुसून पुसून मी पाने पाहत होतो. रोग मात्र पानांत नव्हता. बाहेरची जुनी पाने करपून तपकिरी होत, जमिनीशी लोळत, आणि मधली दोनतीन कोवळी पाने मात्र हिरवीगार उभी राहत. त्या हिरव्या पानांनी मला रोज फसवले. वाटे, आहे, अजून जीव आहे. आठवडाभराने तीही बसत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चाळीसांपैकी पाच उरली.

त्याच सुमारास मेहुण्याचा फोन आला. त्याची अठरा रोपे उभी होती, दोन गुरांनी तुडवली होती. फळेही धरली होती. मला आनंद व्हावयास हवा होता. खरे सांगावयाचे तर मला राग आला. माणसाच्या रागाला तर्कशास्त्र लागत नाही. एकाच खोक्यातली वीस रोपे जगली, यावरून रोपे निर्दोष होती असे अनुमान कोणीही शाळकरी मुलगा काढील. मी काढले ते असे, की माझ्या वाट्याला रोगट चाळीस आली. आणि मी वाईला फोन लावला. काय बोललो ते इथे लिहीत नाही. रोपवाटिकेच्या मालकाने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “साहेब, एक तरी रोप उपटून, मधोमध चिरून पाहिलंत का?” मी फोन ठेवून दिला.

पोपटीचे दिवस होते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या ताज्या शेंगा, ओवा, मीठ, कोणाकोणाच्या घरी अंडी आणि कोंबडीही. मडके उपडे घालून भोवती जाळ करावयाचा. दरवर्षी आम्ही त्यासाठी खालापूरला जातो. जाताना मी उरलेली पाच रोपे मातीसकट पाच डब्यांत घालून नेली. मेहुण्याच्या जमिनीला हात चांगला दिसतो, तिकडे तरी वाचतील, असा माझा हेतू. मोटारीतून डबे काढून मी खाचराकडे निघालो तर तो बांधावर आडवा उभा राहिला.

“भावोजी, ही माती माझ्या खाचरात नको.”

“अरे, पाच रोपं आहेत. माती कसली?”

“रोपं मरताहेत ना तुमच्याकडे? मग नको. पुढं माझा वाल आहे.”

आवाज चढवून नव्हे, अगदी हळू बोलला. पण चार माणसांसमोर बोलला. मी डबे तिथेच ठेवले, पोट बिघडल्याचे सांगितले आणि माजघरात जाऊन आडवा झालो. बाहेर मडके फुटल्याचा आवाज आला, भाजल्या वालाचा वास आला, पोरांचा गलका आला. बायको एकदा पान घेऊन आली. मी भिंतीकडे तोंड केले. साठी उलटलेला माणूस किती लहान होऊ शकतो याचा तो एक नमुना समजावा.

सकाळी अंगणात आलो तर मेहुण्याची मुलगी, जी शेतकी महाविद्यालयात शिकते, माझ्या डब्यांपाशी उकिडवी बसली होती. एक रोप तिने उपटले होते. स्ट्रॉबेरीच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढे आखूड, जाड खोड असते. त्याला क्राऊन म्हणतात. पाने, फुले, मुळे, सारे त्यातूनच फुटते. तिने ते विळीवर उभे चिरले.

“आतोबा, हे बघा.”

बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या खोडाचे आतले अंग जुन्या विटेसारखे तांबूस-तपकिरी झाले होते. मग तिने वडिलांना हाक मारली आणि वरंब्यावरचे एक चांगले रोप मागितले. त्याने काही न बोलता आणून दिले. तेही चिरले. आत दुधी पांढरे, कापलेल्या नवलकोलासारखे. दोन्ही तुकडे तिने पाटावर शेजारी शेजारी ठेवले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो आणि मला वाईचा तो प्रश्न आठवला.

डबे ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घेऊन गेली. बटाट्याचा काढा, साखर आणि अगर यांची गोठवलेली खीर काचेच्या बशीत घालून त्यावर रोगट खोडाचे कण ठेवतात. जो कोणी आत दडला असेल तो जेवावयास बाहेर येतो. तीनेक आठवड्यांनी तिचा फोन आला. बशी काळी झाली होती. गुन्हेगाराचे नाव मॅक्रोफोमिना फॅजिओलिना. फॅजिओलस म्हणजे घेवडा. या बुरशीची ओळख शास्त्राला आधी कडधान्यांनी करून दिली, तेच तिच्या नावात राहिले आहे. पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर ती जगते. ज्वारी, मका, तीळ, सोयाबीन, कापूस, घेवडा, आणि स्ट्रॉबेरीही.

मला त्या दिवसापर्यंत बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती. जमिनीतली बुरशी कशी राहते हे त्या मुलीने मला पुढे समोर बसवून शिकवले. रोगट झाड मरते तेव्हा त्याच्या मुळाखोडांत ही बुरशी स्वतःच्या धाग्यांच्या बारीक काळ्या गाठी करून ठेवते. एकेक गाठ मोहरीच्या दाण्याच्या वीसाव्या भागाएवढी. झाड कुजून मातीत मिसळले की गाठी मातीत मोकळ्या होतात आणि झोपतात. कोरड्या मातीत त्या वर्षानुवर्षे झोपू शकतात. मग एखाद्या नव्या रोपाचे मूळ जवळून जाते. मूळ काही मुकाट्याने वाढत नाही. त्यातून साखरेसारखी द्रव्ये पाझरत असतात. त्या पाझराने गाठ जागी होते, धागा फुटतो, मुळाच्या सालीत शिरतो, तिथून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत आणि तिथून क्राऊनमध्ये. रोप तरुण असते, हवा थंड असते, तोवर बाहेर काही दिसत नाही. फुलाफळांचा भार आला, ऊन चढले, पाण्याची ओढ लागली, की तुंबलेल्या नळ्यांतून पुरवठा होत नाही आणि पाने बाहेरून आत अशी बसत जातात. तीस-पस्तीस अंश उष्णता आणि सुकी जमीन ही या बुरशीची चैन. माझ्या मांडवाखाली तिला आणखी काय हवे होते? मी नऊ वर्षे माती कोरडी ठेवली, आणि चवळी-घेवड्याची मेलेली मुळे न चुकता पुरली. डिसेंबरात घाबरून पाणी तोडले, तो शेवटचा घाव.

जमिनीतून येणाऱ्या सगळ्याच रोगांची रीत हीच असे मात्र नव्हे. तूर-हरभऱ्यातला मर आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. तुरीच्या मर रोगाची बुरशी बटलर या शास्त्रज्ञाने १९१० साली वर्णिली. तिचीच एक चुलत बहीण फक्त स्ट्रॉबेरीच्या मागे लागते, तुरीकडे ढुंकूनही पाहत नाही. फायटॉफ्थोराची तऱ्हा तर अगदी उलटी. तिचे नाव ग्रीक, अर्थ वनस्पतींचा काळ. शास्त्रज्ञ आता तिला खऱ्या बुरशीत धरीत नाहीत. ती पाण्यात पोहते. तिच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि साचलेल्या पाण्यातून ते मुळाकडे पोहत जातात. स्कॉटलंडातल्या लॅनार्कशायरमध्ये १९२० च्या सुमारास स्ट्रॉबेरीचे मळेच्या मळे असे बसले. मूळ चिरले की गाभा तांबडा दिसे. पण तिला थंड, ओली जमीन लागते. म्हणजे एकाचे औषध ते दुसऱ्याचे अन्न. म्हणूनच आधी चिरून पाहावयाचे.

मग मेहुण्याच्या खाचरात ती का नाही? उत्तर इतके उघड होते की मला लाज वाटली. आषाढापासून भाद्रपदापर्यंत त्या जमिनीत पाणी उभे असते. चिखलणी केलेल्या, पाण्याने झाकलेल्या मातीत हवा तुटते, हवेवाचून जगणारे जिवाणू माजतात, आणि या काळ्या गाठी तिथे सातआठ आठवड्यांपलीकडे तगत नाहीत. खाचर दरवर्षी असे धुऊन निघते, आणि मगच त्यात वाल पडतो. कर्जतच्या भातसंशोधन केंद्राला शंभर वर्षे होऊन गेली, ‘कर्जत’ नावाची भाताची वाणे घरोघर गेली. त्या केंद्राच्या कुंपणावरून रोज फिरावयास जाणाऱ्या मला भाताचे पाणी हे कोणा दुसऱ्या पिकाचे औषध असेल असे कधी सुचले नव्हते.

हे ऐकताना बायकोला तिच्या वडिलांचा राब आठवला. भाताचे रोप करावयाच्या तुकड्यावर फाल्गुन-चैत्रात शेण, टहाळ, पाला, गवत यांचे थर देऊन, वर माती भुरभुरून, वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवावयाचे. जाळ होऊ द्यावयाचा नाही, धुमसत ठेवावयाचे. ठाणे-कुलाब्याकडे हा राब म्हणजे जीव की प्राण. त्यासाठी झाडे छाटावी लागत, म्हणून सरकारच्या जंगलखात्याशी रयतेचा झगडा झाला, आणि १८८५ ते १८८७ या काळातल्या मुंबई जंगल कमिशनपुढेही ते गाऱ्हाणे गेले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१२ साली जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर निबंधच लिहिला. नुसती राख नव्हे, माती तापते याचाही रोपांना गुण येतो, असे त्यात दाखवले. राबासाठी रान बोडके झाले हेही खरे, आणि त्याचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पण भाजलेली माती आणि बुडवलेली माती, या दोन्हींतले काहीच माझ्या वाफ्याच्या वाट्याला आले नव्हते, एवढे मला कळले.

आणि ही चूक माझ्यासारख्या हौशी म्हाताऱ्यानेच केली असेही नाही. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीची जमीन लावणीआधी प्लॅस्टिकखाली मिथिल ब्रोमाइड वायूने धुरावण्याची चाल कित्येक दशके होती. वायू जमिनीतले जवळजवळ सारे मारीत असे. त्याने आकाशातल्या ओझोनचा थर विरतो म्हणून माँट्रियलच्या १९८७ च्या कराराखाली त्यावर बंदी येत गेली. श्रीमंत देशांनी २००५ साली तो सोडावयाचा होता. स्ट्रॉबेरीसाठी दिलेल्या सवलती २०१६ पर्यंत चालल्या. वायू सुटू लागला त्याच सुमारास तिथल्या मळ्यांत हीच मॅक्रोफोमिना वर आली. तिकडे वायू गेला, माझ्याकडे पाऊस गेला. बुरशीला दोन्ही सारखेच.

एप्रिलात मी वाईला पुन्हा फोन केला. क्षमा मागणे हे काम समोरासमोर सोपे आणि टेलिफोनवर अवघड असते. मालक म्हणाले, “क्राऊन चिरला ना? मग झालं.” आणि दराची चौकशी करीत आलेल्या दुसऱ्या कोणाशी बोलू लागले.

पावसाआधी मांडव उतरवला. वाफ्याला वीतभर उंच मातीचा बांध घातला. मृगाचा, आर्द्राचा पाऊस नऊ वर्षांनी त्या मातीवर पडला तेव्हा तिने पहिले दोन दिवस पाणी उभे राहू दिले नाही, नुसते पीत राहिली. मग साचले. त्यात मी चिखल करून ‘कर्जत-३’ भाताची रोपे लावली. वीस फूट लांब, आठ फूट रुंद भातशेती! शेजारी विचारीत, “काका, ट्रॅक्टर कधी आणताय?” सहा किलो भात झाले. त्याचे पोहे करून आणले आणि २०२३ च्या भाऊबिजेला मेहुणा ओवाळून घेण्यास आला तेव्हा त्याला खाऊ घातले. फराळ झाल्यावर तो उठून मागे गेला, वाफ्यातली चिमूटभर माती बोटांनी चोळली आणि झटकून टाकली.

“अजून एक पावसाळा जाऊ द्या, भावोजी.”

जाऊ दिला. त्याची अठरा रोपे तोवर उन्हाळ्यात करपून गेली होती. इकडच्या उन्हापुढे स्ट्रॉबेरीचे काही चालत नाही. फळे लहान आणि आंबटच होती हेही सांगून टाकतो. २०२४ च्या दसऱ्यानंतर, माझे दुसरे भात निघाल्यावर, तो एका सकाळी ध्यानीमनी नसताना कर्जतला आला. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बारा रोपे. वाईहून मागवलेली, मुळे स्वच्छ धुतलेली. आपली कुदळही त्याने बरोबर आणली होती. तासाभरात त्याने वरंबा घातला, रोपे लावली, क्राऊन मातीच्या वर राहील असे एकेक नीट बसवले. मी पाणी घातले. चहा झाला. निघताना तो नळापाशी गेला आणि कुदळ नळाखाली धरून पाते, दांड्याची खोबण, आपल्या चपलांचे तळ, सारे काडीने कोरकोरून धुऊ लागला.

“वाईट वाटून घेऊ नका,” तो मान वर न करता म्हणाला. “घरी वाल पेरायचाय.”

पाणी बारीक येत होते. मी नळ आणखी सोडला.